दर्शनाविना गाडी

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि साताऱ्या-सांगलीकडच्या रसिकांना स्वस्ताईचे दार उघडले. जी गाडी तिथल्या हवेला सोसेना, ती इथल्या खिशाला सोसते. यालाच राष्ट्रीय एकात्मता म्हणतात.

गाडी प्रत्यक्ष पाहण्याचा जुनाट आग्रह आता सोडायला हवा. फोटो पुरेसे बोलके असतात: नुकतेच धुतलेले बॉनेट, सीटवर अजून प्लॅस्टिक, ‘फक्त डॉक्टरांनी वापरलेली’. खालची जमीन तेलकट दिसली, तर तो उजेडाचा दोष. मीटरवर चाळीस हजार आणि क्लचचे पेडल मात्र झिजून गुळगुळीत. डॉक्टरांचा पाय जड असणार. एनओसी ‘निघतेच आहे’. रोड टॅक्स इकडे पुन्हा भरायचा, तेवढीच राज्याची सेवा.

खरे तर गाडी दारात आल्यावरही पाहू नये. ताडपत्री घालून ठेवावी आणि पाहुण्यांना फोटो दाखवावेत.

एका गिऱ्हाइकाने भीतभीत विचारले, निम्मे पैसे गाडी पोचल्यावर दिले तर? विक्रेता दुखावला. म्हणाला, “साहेब, तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. विश्वास कसा ठेवायचा?”