भिगवण आलं का?

बारामतीहून इंदापूर किती लांब, असं विचारलं तर आमच्याकडं कुणी किलोमीटर सांगत नाही. “दीड तास,” म्हणतात. आणि उसाचा हंगाम असेल तर “ट्रॅक्टर आडवा नाही आला तर” एवढी पुस्ती जोडतात. अंतर पन्नासेक किलोमीटरच. जेट विमानाला साडेतीन मिनिटांचं काम. तुकोबांची पालखी मात्र सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करत तिसऱ्या दिवशी इंदापुरात येते, आणि वाटेत बेलवडीला रिंगणही खेळून घेते. उशीर झाला म्हणून कुणा वारकऱ्यानं कुरकुर केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आत्याचा नातू न्यूजर्सीला असतो. तो यायचा होता तेव्हा मी तिला ऐटीत सांगितलं, “न्यूयॉर्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. सोळा तास, थेट.”

“मधी कुठंच थांबत न्हाई? च्यालासुदिक?”

तिला त्या ड्रायव्हरचीच काळजी लागली.

पुढं मी मोबाइलवर वाट दाखवली तर ती चक्रावली. अमेरिका मावळतीला, मग रेघ आइसलंड-रशियावरून कशाला? शेवटी घरचं डाळिंब घेतलं, दोन टिंबं काढली आणि दोरा ताणला. दोरा आपसूक देठाकडं सरकला. “म्हंजी बांधावरनं जवळ पडतंय,” आत्या म्हणाली. भूगोलाच्या मास्तरांना हे एका वाक्यात कधी जमलं नव्हतं. मग तिनं ते डाळिंब सोलून माझ्याच हातावर ठेवलं.

पण ते सोळा तास विमानाचे, माणसाचे नव्हेत. आधी तीन तास विमानतळावर बसायचं, उतरल्यावर फिरत्या पट्ट्याकडं डोळे लावून बॅगेची वाट बघायची; पुढं द्रुतगती मार्ग, हडपसर, यवत, पाटस. मुंबई ते इंदापूर तीनशे किलोमीटरसुद्धा नाही, पण पोराचा जीव इथंच मेटाकुटीला येतो. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजलं तर तीस तास सहज.

या बाबतीत पट्टकदंब हंस शहाणे. मंगोलिया-तिबेटकडून निघतात, हिमालय ओलांडतात. त्यांची सात हजार मीटरच्या वरची उड्डाणं उपग्रहानं नोंदलेली आहेत. चढण शक्यतो रात्री-पहाटे उरकतात, कारण थंड हवा दाट असते आणि पंखाला आधार देते. आणि उतरतात कुठं, तर थेट मुक्कामी, भिगवण-डिकसळच्या उजनीच्या पाण्यावर. पट्टा नाही, टॅक्सी नाही. हे पाणीही काही जुनं नव्हे, धरण 1980 सालचं. एवढ्यात त्यांनी पत्ता पाठ केला.

नातू निघाला की आत्या विमानाची चौकशी करत नाही. तिचा फोन एकदाच येतो, “भिगवण आलं का?” तिथून इंदापूर चाळीसेक किलोमीटर. तेवढ्या वेळात तिच्या भाकरी थापून होतात.