विशेष संदर्भ : इंदापूर तालुका

‘ग्रामीण ग्राहकांची मोबाइल खरेदीतील वर्तणूक : एक अभ्यास (विशेष संदर्भ : इंदापूर तालुका)’. हे शीर्षक मी आत्ता, चहा गार व्हायच्या आत बनवलं. तरीही ते कुठंतरी वाचल्यासारखं वाटत असेल, तर दोष माझा नाही. मोबाइलच्या जागी शाम्पू घाला, इंदापूरच्या जागी बारामती घाला, हवं तर दौंड घाला. निष्कर्षाच्या केसालाही धक्का लागत नाही. उत्पन्न वाढलं की खर्च वाढतो. किमतीचा खरेदीवर परिणाम होतो. जाहिरात पाहून काही ग्राहक वस्तू घेतात, काही घेत नाहीत. त्याखाली शिफारस : कंपनीने दर्जा सुधारावा व किंमत कमी करावी. कंपनीला हे कुणी कळवत नाही, त्यामुळे ती सुखात असते.

प्रतिसादक नेहमी शंभर. नव्याण्णव कधी भरत नाहीत, एकशे सात कधी होत नाहीत. ही शंभर माणसं तालुक्यात राहतात कुठं? टी.वाय.बी.कॉम.च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सरांनी शेवटच्या तासाला गुगल फॉर्म टाकायचा, खाली ‘इंटर्नलचे मार्क आहेत’ एवढं लिहायचं, की सकाळपर्यंत ग्रामीण ग्राहक हजर. ‘वय ४५ ते ६०, व्यवसाय शेती’ हा रकाना रिकामा दिसला तर पोरं बापाच्या वतीने भरून टाकतात. शास्त्रात याला सोयीस्कर नमुना निवड म्हणतात. नाव प्रामाणिक आहे, कुणाची सोय तेवढं लिहायचं राहून जातं. मग काय-वर्ग कसोटी लावायची आणि शून्य परिकल्पना त्याज्य ठरवायची. त्या बिचारीचा जन्मच त्यासाठी असतो.

छापायचं कुठं, याची चिंता नसते. ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय शोधपत्रिका’ नावाचं एक पीक बारमाही येतं. विज्ञान, तंत्रज्ञान, शिक्षण, वाणिज्य, योग, गृहविज्ञान, ग्रंथालयशास्त्र, ग्राहक वर्तणूक, सगळं एका अंकात. नॅनोकणांच्या शेजारी संत साहित्य, त्याच्या पुढच्या पानावर शाम्पू. तिन्ही निबंध तपासणारा तज्ज्ञ एकच, आणि त्याने तिन्ही तपासलेले नसतात. त्यामुळे पक्षपाताचा आरोप करता येत नाही. मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक ठळक. लोक तो हॉलमार्कसारखा दाखवतात. प्रत्यक्षात तो नियतकालिकाची ओळख पटवणारा नंबर आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही. नंबरप्लेट बघून ड्रायव्हरला गाडी चालवता येते की नाही हे कळत नाही, तसंच.

इंदापूर तालुक्याचं नाव असं कोथिंबिरीसारखं भुरभुरलेलं बघवत नाही, कारण याच तालुक्यात वालचंदनगर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशींनी कळंबच्या माळावर आधी शेती उभी केली, मग साखर कारखाना, आणि पुढे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवायचाच कारखाना. त्या कारखान्यात सत्तरच्या दशकापासून इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनतात. चांद्रयान-३ घेऊन १४ जुलै २०२३ रोजी जो एलव्हीएम-३ उडाला, त्याच्या दोन बाजूंच्या एस-२०० बूस्टरचे भाग इथून गेले होते. एका बूस्टरचा व्यास ३.२ मीटर, पोटात दोनशे टनांवर घन इंधन. अशा केसिंगच्या प्रत्येक सांध्याचा क्ष-किरणांनी फोटो निघतो, मग दाब देऊन कस लागतो. तिथं ‘किरकोळ सुधारणांसह स्वीकृत’ असा शेरा नसतो. सांधा तरी धरतो, नाहीतर सुटतो. आणि सुटला तर सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असतो.

आता कुणी म्हणेल, रॉकेटशी आमची तुलना कशाला? बरं. ऊस घेऊ.

नीरेच्या काठाने वर गेलं की फलटण तालुक्यात पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र लागतं. १९३२ पासून आहे. इंदापूरच्या कुठल्याही चावडीवर ‘शहाऐंशी शून्य बत्तीस’ म्हणा, लोक तुम्हाला नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलतील. को ८६०३२. ‘को’ म्हणजे कोइमतूर, ८६ हे साल. महाराष्ट्रात तो वाण प्रसारित झाला १९९६ साली. मधली दहा वर्षं काय चाललं होतं? हजारो रोपांतून काढून टाकणं चाललं होतं. या जमिनीत लावून बघ, त्या हंगामात लावून बघ, लागण बघ, खोडवा बघ, जुन्या वाणाशेजारी लावून बघ. दहा वर्षं. आमच्या शोधपत्रिकेचं स्वीकृतिपत्र दुसऱ्या दिवशी मोबाइलवर येतं, तेही ‘प्रिय आदरणीय संशोधक’ अशा दुहेरी मानाने.

नंतर आला ‘दोनशे पासष्ट’, म्हणजे को एम ०२६५, याच पाडेगावचा, २००७ चा. याची गोष्ट तर खरोखर ग्राहक वर्तणुकीची आहे. क्षारपड जमिनीत तग धरतो, वजन देतो. शेतकऱ्याला पैसे टनावर मिळतात, त्यामुळे तो खूश. कारखान्याचं लक्ष साखर उताऱ्यावर, त्यामुळे कारखान्यांनी नाकं मुरडली. नोंद घेण्यावरून कुरबुरी झाल्या. एकाच उसाचे दोन ग्राहक, दोघांची मापं वेगळी, आणि बांधावर, गटऑफिसात, वार्षिक सभेत उघड भांडण. तज्ज्ञांकडून तपासणी म्हणतात ती हीच असते. फक्त इथले तज्ज्ञ पायात चपला न घालता येतात. साइटेशन मोजायचे असतील तर बेणं कुणाच्या रानातून कुणाच्या रानात गेलं ते मोजा.

आणि हा क्षार तरी आला कुठून? नीरेचा डावा कालवा १८८५ चा. पाणी आलं, ऊस आला, आणि पाठोपाठ काही जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मॅन आणि त्यांच्यासोबत ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासाठी पुस्तिका लिहिली. म्हणजे ‘विशेष संदर्भ : नीरा खोरे’ ही तऱ्हा नवी नाही, आणि हास्यास्पद तर मुळीच नाही. त्या १९१० च्या प्रश्नाचं एक अर्धंमुर्धं उत्तर २००७ साली वाणाच्या रूपाने मिळालं. बारामती तालुक्यात माळेगाव खुर्दला २००९ पासून अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या ताणांच्या यादीत क्षार आहेतच.

याच मॅनसाहेबांनी १९१७ मध्ये एका दख्खनी खेड्याचा अभ्यास पुस्तकरूपाने छापला. कुणाची किती जमीन, तिचे किती तुकडे, घरात येतं किती, जातं किती, कर्ज किती. ग्राहक वर्तणूक हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण घरोघरचा खर्च विचारून लिहिणं म्हणजे दुसरं काय असतं? ते खेडं होतं पिंपळे सौदागर. आज तिथं वीस-वीस मजल्यांचे टॉवर आहेत आणि ग्रामीण ग्राहक औषधाला सापडणार नाही. पण मॅनने काय पाहिलं होतं ते अजून वाचता येतं, कारण त्याने पाहिलं होतं.

सांगायचं ते एवढंच की तालुका लहान असल्याने संशोधन लहान होत नाही. तालुक्यात न जाता तालुक्यावर लिहिल्याने होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. शेजारी फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली स्थापलेल्या संस्थेने मेंढ्या हाकल्या, त्या जमिनीवर उतरून. दख्खनी मेंढीला एका वेताला बहुधा एकच कोकरू. सुंदरबनाकडच्या गरोळ जातीत जुळी देणारं जनुक आहे, ते संकरातून दख्खनीत आणलं, ‘नारी सुवर्णा’ तयार केली आणि धनगरांच्या कळपात सोडली. जुळं होतं की नाही हे धनगराला कळतं. त्याला गुगल फॉर्म पाठवावा लागत नाही.

आता आपल्या मूळ ग्राहकाकडे या. साध्या मासिकात लेखकाला मानधन मिळतं आणि वाचक पैसे मोजतो. (मानधन मिळतं असं ऐकून आहे.) शोधपत्रिकांच्या या बाजारात लेखक पैसे मोजतो आणि वाचकाला फुकट असतं, तरी वाचक येत नाही. वाचकाची जागाच या व्यवहारात ठेवलेली नाही. विकली जाते ती पीडीएफ आणि तिच्यासोबतचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्राला सोनेरी किनार असते. निबंधाला नसते.

ही मागणी आकाशातून पडली नाही. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदोन्नतीसाठी एपीआय नावाची गुणांची पद्धत आणली : निबंधाला गुण, परिषदेला गुण, पुस्तकातल्या प्रकरणाला गुण. नॅकची समिती येते तीही दर शिक्षकामागे किती निबंध हे विचारते. ज्या कॉलेजात प्रयोगशाळेतला गॅस महिनाभर नसतो, ग्रंथालयात एक चांगलं जर्नल येत नाही, तिथल्या माणसाला आठवड्याचे तास घेऊन, निवडणुकीची ड्यूटी करून, वर जागतिक दर्जाचं संशोधन करायला सांगितलं. त्याने काय करावं? तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या पोराची गोष्ट तर आणखी वाईट. मानधन कधी येईल याची खात्री नाही आणि मुलाखतीत गुण हवेत म्हणून खिशातले हजार-दीड हजार निबंधाला. त्याच्यावर मी हसत नाही. जी व्यवस्था आधी सगळ्यांना निबंध मागते आणि मग निबंधांचा ढीग पाहून ‘भारतात संशोधन वाढलं’ असा आलेख काढते, तिच्यावर हसतो.

हे उघडकीला आलं नाही असंही नाही. २०१३ साली जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी एक धडधडीत खोटा निबंध रचला आणि ३०४ पत्रिकांना धाडला. १५७ जणांनी तो स्वीकारला. भारतातल्या पत्रिकांचा त्या यादीत मोठा भरणा होता. याला म्हणतात आंतरराष्ट्रीय. मग २०१८ मध्ये खुद्द पुण्यातून तपासणी झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाची ‘मान्यताप्राप्त’ यादी चाळली. विद्यापीठांनी शिफारस करून घुसवलेल्या, कुठल्याही सूचीत नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असू शकतात, असं त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं. शिफारस कुणी केली होती? विद्यापीठांनी. कुंपण शेत खातं हे आपण ऐकून होतो. इथं कुंपणाने खाल्ल्याची पावतीही जोडली होती.

त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ नावाची नवी यादी आली, तिचं कामही पुणे विद्यापीठातूनच चाले. मग केअर यादीतल्या पत्रिकांच्या नावाच्या हुबेहूब बनावट प्रती निघाल्या, हा आपल्या उद्यमशीलतेचा विजय. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही गुंडाळली. आता चांगली पत्रिका कोणती हे ज्या त्या संस्थेने आपलं आपण ठरवायचं. ज्यांच्या शिफारशींमुळे ८८ टक्के आले, त्यांच्याचकडे पुन्हा चाळणी.

दरम्यान एआय आलं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसाला एआय लावलं आहे. जमिनीतले सेन्सर ओल सांगतात, उपग्रह पीक बघतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी त्या उसाचा जगजाहीर उल्लेख केला. निबंधालाही एआय लावलं आहे. फरक एवढाच की उसाच्या एआयला खाली जमीन लागते. निबंधाचं एआय शंभर प्रतिसादकही आपणच तयार करून देतं. टी.वाय.च्या पोरांचा तेवढा त्रास वाचला.

माझी मागणी छोटी आहे. पाडेगावात वाणाला खोडव्याची परीक्षा असते : पहिल्या लागणीला कुणीही बरा दिसतो, तोडल्यावर पुन्हा फुटतो का ते बघतात. पदोन्नतीच्या मुलाखतीत हीच परीक्षा ठेवा. निबंध छापून तीन वर्षं झाली की समोर कागद न ठेवता एकच प्रश्न विचारायचा : तुमच्या निबंधात काय निघालं होतं? सुरुवात मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेखकांपासून करावी, तिथं बहुधा साहेबांची नावं असतात. पहिल्याने निदान पैसे तरी भरलेले असतात.