हातचा एक

जगाचा शेवट कोणत्या तारखेला होणार हे ज्याला ठाऊक असतं, तो माणूस जटाधारी आणि लाल डोळ्यांचा असेल अशी आपली समजूत. प्रत्यक्षात तो बहुधा इंजिनिअर असतो. शर्टाच्या खिशाला पेन, समोर कॅलक्युलेटर आणि रंगीत पेन्सिलींनी रेघा मारमारून फुगलेलं बायबल. अमेरिकेत तर हे गृहस्थ दर पिढीला नव्याने उगवतात.

त्यांना प्रवचनापेक्षा बेरजेत रस. दानीएलच्या आठव्या अध्यायात २३०० दिवस दिसले की दिवस म्हणजे वर्ष, हे तुम्हाला न विचारताच ठरतं. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम मिलर या शेतकऱ्याने इ. स. पू. ४५७ पासून २३०० वर्षं मोजली. उत्तर आलं १८४३. मुदत सरली, येशू काही परत आला नाही. मग ध्यानात आलं की इसवी सनाला शून्य वर्षच नाही! हातचा एक राहिला होता. अनुयायांनी मग २२ ऑक्टोबर १८४४ हा नवा मुहूर्त काढला. तोही कोरडाच गेला.

नासात काम केलेल्या एडगर व्हिझनंट यांनी येशू १९८८ मध्ये येणार याची ८८ कारणं पुस्तिकेत छापली. लाखो प्रती खपल्या. १९८९ साली ते पुन्हा हजर. चूक कसली? तीच. पहिल्या शतकात एक वर्ष कमी पडलं होतं. दीडशे वर्षांत हातचा तेवढा बदलला नाही.

ओकलंडचे हॅरल्ड कॅम्पिंग हे सिव्हिल इंजिनिअर. त्यांचा हिशेब तर पाहण्यासारखा. पाच म्हणजे प्रायश्चित्त, दहा म्हणजे पूर्णत्व, सतरा म्हणजे स्वर्ग. तिघांचा गुणाकार ८५०, त्याचा वर्ग ७,२२,५००. येशूच्या क्रुसापासून इतके दिवस मोजले की २१ मे २०११. गुणाकार बिनचूक आहे, मी करून पाहिला. सतरा म्हणजे स्वर्ग का, एवढंच विचारायचं नाही.

मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात येशूने तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच माहीत नाही असं स्वच्छ सांगितलंय, हे दाखवलंत तर गृहस्थ गालात हसतात. “दिवस आणि घटका म्हटलंय. महिना आणि वर्ष कुठे म्हटलंय?” ल्यूथरचे स्नेही, जर्मन गणिती मिखाएल श्टीफेल यांनी तर घटकाही सोडली नव्हती: १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी ८. आठ वाजून गेले, आणि श्टीफेलना अटक झाली.

माणूस लबाड म्हणाल, तर मला तसं वाटत नाही. लबाडाने तारीख आपल्या मरणानंतरची धरली असती. न्यूटनने २०६० काढलं आणि वर लिहून ठेवलं की हे उतावळ्यांची तोंडं बंद करायला. हे बिचारे मात्र अशी तारीख देतात, की दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःलाच दार उघडावं लागतं. कॅम्पिंग तेव्हा नव्वदीला टेकले होते. मेच्या तारखेनंतर त्यांनी ऑक्टोबर दिला आणि तोही गेल्यावर, पुढच्या वर्षी, चुकलो म्हणून जाहीर कबुली दिली. अर्थात तोवर ऐकणाऱ्यांपैकी काहींनी नोकऱ्या सोडल्या होत्या, साठवलेले पैसे जाहिरातींवर घातले होते. वहीतली खाडाखोड गृहस्थांची, भुर्दंड दुसऱ्याला.

याला एकच अपवाद ऐकिवात आहे. १८४४ च्या शरदात न्यू हॅम्पशायरमधल्या मिलरच्या एका अनुयायाने, प्रभू येतोच आहे, आता कशाला काढायचे म्हणून बटाटे जमिनीतच ठेवले. शेजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं आणि आपापले बटाटे वेळेवर काढून साठवले. ते रोगाने कुजले. याचे मातीत उशिरापर्यंत राहून धड निघाले आणि पुढच्या वसंतात बियाण्याला चढ्या भावाने गेले, असं मिलरचा वारसा सांगणारी अॅडव्हेंटिस्ट मंडळी अजून सांगतात.