गुलाल नेमका कुणाचा?

नंदुरबार जिल्ह्यात विधानसभेच्या जागा चार. 2024 मध्ये चारही ठिकाणी गावित घराण्यातलं कुणी ना कुणी उभं होतं. नंदुरबारला डॉ. विजयकुमार, भाजपचे. शहाद्यात बंधू राजेंद्रकुमार, काँग्रेसचे. नवापुरात आणखी एक बंधू शरद, अपक्ष. अक्कलकुव्यात कन्या डॉ. हीना, त्याही अपक्ष. पक्ष हरतात हो, घराची एवढी तजवीज केल्यावर ते कसं हरणार? 23 नोव्हेंबरला मात्र एकटे विजयकुमारच निवडून आले.

समर्थकांचं गणित याहून गमतीचं. जूनमध्ये काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून अधिक मतांनी लोकसभेत गेले, तेव्हा काँग्रेसवाल्यांच्या मते मतदान यंत्र ठणठणीत होतं. नोव्हेंबरात त्यांचे वडील के. सी. पाडवी अक्कलकुव्यात शिंदेसेनेच्या आमश्या पाडवींकडून हरले आणि यंत्र आजारी पडलं. नवापुरात काँग्रेसचे शिरीषकुमार नाईक निसटते जिंकले. तेवढं यंत्र बहुधा तपासून पाठवलेलं असावं. भाजपवाल्यांचा तर यंत्रावर नितांत विश्वास. त्यांच्या हिशेबी जूनमध्ये मतदारच बिघडला होता, पाच महिन्यांत दुरुस्त झाला.

गावितांचा निष्ठावंत मात्र गुलालाची पिशवी घेऊन विचारत होता, "भाऊ, आपण जिंकलो ना?"

"कोणते आपण?"