दोन टक्के

एजंटला बजेट कमी करून सांगायचं, हे मला पाठ होतं. नवऱ्याने रिक्षात बजावलंही होतं की ऐंशी म्हणायचं, म्हणजे तो आपोआप नव्वदवर येईल. पण एजंटने माझ्या चपलांकडे एक नजर टाकली आणि "साधारण साठ-पासष्टपर्यंत का, मॅडम?" असं इतक्या मायेने विचारलं, की माझ्या तोंडून "सव्वा कोटी" निघून गेलं. नवरा खोकला. तो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आकडा ऐकला की खोकायची त्याला सवय आहे. एजंटने डायरीत मात्र 1.10 लिहिलं. पुढे घर पडलं एक कोटी आठ लाखांना. माझी ऐपत मला, नवऱ्याला आणि बँकेला मिळून जेवढी कळली नव्हती, तेवढी त्याला चपलांवरून कळली.

मला एक अभ्यासिका हवी, हेही मी त्याला जरा सावकाश, शब्द सुटा करून सांगितलं. मी लिहिते, हेही. "हो हो," तो म्हणाला, "बॅगा ठेवायला एक खोली लागतेच."

2023 मध्ये महारेराने एजंटांची परीक्षा सुरू केली. आमचा पास होता आणि प्रमाणपत्र त्याने व्हॉट्सॲपच्या डीपीला लावलं होतं. परीक्षा खरं तर आमचीही घ्यायला हवी. 2017 पासून, म्हणजे महारेरा आल्यापासून, बिल्डरला कार्पेट एरियावरच घर विकावं लागतं. रिसेलच्या बाजारात मात्र अजून सेलेबलचा आकडा हिंडत असतो. अशाच एका साडेनऊशे स्क्वेअर फुटांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये उभं राहून मी विचारलं, की बाकीचं घर कुठे आहे? "जिन्यात, मॅडम. थोडं लिफ्टमध्ये."

स्टॅम्प ड्युटी पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का माफ, ही सवलत 2021 पासूनची. ज्याच्या नावावर आमच्या घरातलं गॅसचं कनेक्शनसुद्धा आहे तो माझा नवरा, एक लाख आठ हजार वाचतात म्हटल्यावर चहा संपायच्या आत स्त्री-पुरुष समानतेवर बोलायला लागला. चांगलं बोलला.

पण घर घेणं हे माझ्यापुरतं निमित्त होतं. मला घरं बघायची होती. नातेवाइकांकडे गेलं तर हॉलच्या पलीकडे पाऊल टाकायला कारण लागतं, तहान नसताना पाणी मागत आत जावं लागतं. रिसेलचं घर बघायला गेलात की घरमालकीण स्वतः संडासाचं दार उघडून दाखवते. ओट्याखालची कपाटं उघडते. मी तर माळ्यांची भक्त. माणसं हॉलमध्ये जे मांडतात ते पाहुण्यांसाठी असतं, टाकवत नाही ते सगळं माळ्यावर जातं. पितळी बंब, फोल्डिंगची कॉट, सुटकेसच्या आत सुटकेस, मुलगा अमेरिकेला गेल्यावर उरलेलं क्रिकेटचं किट. कोथरूडला एका माळ्यावर थर्माकोलचं मखर होतं, अख्खा कैलास. 2018 ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून तो वर चढून बसलेला. "ह्यांनी केलाय," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून पुढचं विचारायचं नाही हे कळलं.

आणि भांड्यांवरची नावं. स्टीलचं पातेलं दिसलं की मला ते फिरवून वाचल्याशिवाय राहवत नाही. "चि. सौ. कां. हिस मामाकडून, 12-5-79." एवढ्यात मला लग्नाचं वर्ष, मामाची ऐपत आणि कार्यालयात किती उकडलं असेल, सगळं समजतं. एजंट तिकडे खिडकी उघडून क्रॉस व्हेंटिलेशन दाखवत असतो. बायकोला वारा दाखवायचा आणि नवऱ्याला पार्किंग, हे बहुधा त्याच परीक्षेत असावं.

घरमालकिणीही आपल्याला बघत असतातच. एकीने विचारलं, "पोळ्यांना बाई लावणार का?" मी हो म्हटलं. तिने आपल्या ओट्यावरून हात फिरवला आणि तिथल्या तिथे भाव पाच लाखांनी वाढवला.

या सगळ्यात एजंट अंतरपाट धरून उभा. दोन्ही पक्षांनी एकमेकांना बघावं, पण तो म्हणेपर्यंत बोलू नये, नंबर तर मुळीच देऊ नये. त्या कैलासवाल्या काकू मला ओल्या हळदीच्या लोणच्याची कृती लिहून द्यायला बसल्या, तर खाली फोन नंबरही लिहितील या भीतीने त्याने कागद मागून घेतला आणि "मी व्हॉट्सॲप करतो" म्हणाला. कृती अजून आलेली नाही.

कर्वेनगरच्या घरात आम्ही असताना त्याला एक फोन आला. त्याच घराबद्दल होता. त्याने मजला सांगितला, पार्किंग सांगितलं, पाणी दोन्ही वेळ येतं ते सांगितलं. मग विचारलं, "नाव काय म्हणालात?" नाव ऐकलं आणि म्हणाला, "अरेरे, तो गेला हो. सकाळीच टोकन झालं."

आम्ही त्या गेलेल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, त्यानेच लावून दिलेल्या पंख्याखाली उभे होतो.

मी विचारलं, तर त्याने काही लपवलं नाही. "बँकेत आहे, मॅडम. माणूस चांगलाच असणार. पण सोसायटी घेत नाही. दोन टक्के मला काय नको आहेत?"

पहिल्या दिवशी त्याने आमचं आडनाव विचारलं होतं. ऐकलं, खुर्च्या पुढे केल्या, चहा मागवला. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं होतं, बघ, दोन वाक्यांत माणूस ओळखतात ही मंडळी. माझ्या बोलण्याचा, वाचनाचा, हातमागाच्या साडीचा तो प्रभाव आहे असं मी धरूनच चालले होते. चहा आडनावाला आला होता. त्या बँकेतल्या माणसाचं कर्ज मंजूर असेल, त्याच्या बायकोलाही माळे बघायची हौस असेल, आणि रोज कुठलं ना कुठलं घर त्यांच्यासाठी सकाळीच गेलेलं असणार. ते घर मग मला नीट बघवेना. माळाही उघडायला सांगितला नाही.

घेतलं ते वारज्यात. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हणून मी लिपस्टिक लावून गेले होते. दस्तावर जो फोटो उमटला, त्यावरून मला त्या घरात कुणी घेतलं नसतं.

एजंट दोन टक्क्यांचा चेक न्यायला आला. घर विकणाऱ्याकडूनही दोन घेतले होते, तरी चेहरा सोसल्यासारखा. चहा पिता पिता म्हणाला, "जुना फ्लॅट भाड्याने द्यायचाय ना? फॅमिलीच बघतो. तुमच्यासारखी."

"कुणीही बघा," मी म्हटलं. "फक्त आडनाव विचारायचं नाही." बोलून झाल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. जरा ताठ बसले.

"मी कुठे विचारतो, मॅडम? सोसायटी विचारते."

"आमची सोसायटी नाही विचारणार," मी म्हटलं आणि सेक्रेटरींकडे पाहिलं.

सेक्रेटरी खोकले. "म्हणजे, तत्त्वतः माझी काहीच हरकत नाही. पण कमिटीपुढे ठेवावं लागेल."

घर माझ्या नावावर, म्हणून चेकही माझ्याच खात्याचा होता. मी पेनला टोपण लावलं.

एजंटने कप खाली ठेवला. "हो म्हणा ना, सर," तो कळवळून म्हणाला. "आजकाल असं कुणी बघत नाही हो!"