जावईबापूंचा सिगार

नेरूळच्या सोसायटीत क्युबन सिगार शिरतो तो बहुधा दुबईच्या जावयाच्या बॅगेतून. कस्टमवाले २५ सिगारांपर्यंत सूट देतात, म्हणून जावई बरोब्बर २५ आणतो. सासऱ्यांनी आयुष्यात बडीशेपेपलीकडे व्यसन केलेले नसते, त्यामुळे परीक्षणाची जबाबदारी आपोआप चारही मजल्यांवर येते.

पहिली परीक्षा पेटीची. झाकण काचेचे असेल तर पुढच्या परीक्षांची गरजच नाही. कोहिबा हा १९६६ साली फिडेल कॅस्ट्रोंसाठी सुरू झालेला ब्रँड. काचेच्या झाकणाची त्याची पेटी क्युबातला कारखाना काढत नाही, ती काढतात पर्यटकांना गाठणारे भामटे. खऱ्या पेटीच्या बुडाला ‘क्युबात बनवलेला, पूर्णपणे हाताने’ अशा अर्थाचा स्पॅनिश मजकूर तापल्या ठशाने उमटवलेला असतो आणि बाजूला बारकोड असलेली हमीची पट्टी. हे सगळे मोबाइलवर वाचून झालेले असते. काच डोळ्यांसमोर लखलखत असते. तरी कोणी बोलत नाही. जावयाने आणलेली वस्तू खोटी ठरवली, तर पुढच्या गणपतीत आरतीला कोणत्या तोंडाने जायचे?

मग बांधणी. आत लांब पानांची गुंडाळी, तिला आवळून धरणारे दुसरे पान आणि सगळ्यांवर गुळगुळीत, तेलकट झाक असलेले वेष्टन. बोटांनी हलकेच दाबत जावे. मध्ये गाठ लागली तर धूर ओढताना गाल आत जातात. पोकळ लागला तर सिगार भराभरा जळतो आणि तोंड पोळते. जाडी इंचाच्या ६४व्या भागांत मोजतात. चर्चिलचे नाव मिळालेला आकार ७ इंच लांब आणि ४७ जाडीचा, म्हणजे पाऊण इंचाला एक भाग कमी. कार्पेट आणि बिल्टअपच्या भांडणात मुरलेल्या नवी मुंबईकराला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

खरी अडचण हवेची. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. जुलैत नेरूळची हवा याहून कितीतरी उदार असते. मग बुरशी धरते, आणि उष्म्याने तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटून वेष्टनाला टाचणीएवढी भोके पडतात. काकू पेटी फ्रिजमध्ये ठेवतात. तिथे पान कोरडे पडते आणि शेजारच्या लसणीच्या चटणीशी त्याची घसट वाढते.

चवीची परीक्षा गच्चीवर, कारण सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८पासून बंदी आहे आणि सेक्रेटरींना नियम पाठ आहेत. मिनिटाला एखादाच झुरका, धूर छातीत न घेता तोंडात फिरवून सोडायचा. जाणकारांना त्यात देवदार, कोको, चामडे सापडते. गच्चीवर एकाला कॉफी लागते, दुसऱ्याला लसूण. राख इंचभर न पडता टिकली की टाळ्या होतात.

निपाणीकडचे एक आजोबा तेवढे गप्प. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात तंबाखूच्या भावासाठी ते हमरस्त्यावर बसले होते. ते सिगार हुंगतात, कानाशी धरून दाबतात, चिमूटभर तळहातावर मळून बघतात.

“पान बरं हाय. पण चुरा भरलाय आत,” ते म्हणतात. “केवढ्याला पडला?”

“स्वस्तात मिळाला हो, आजोबा,” जावई खुलतो.

इथे निकाल लागतो. २०२२ साली क्युबाच्या कंपनीने कोहिबाचे जगभरचे दर हाँगकाँगच्या पातळीवर नेले. तेव्हापासून स्वस्त कोहिबा म्हणजे समुद्रकिनारी फुकटातला फ्लॅट. सासरे तरीही पेटी शोकेसमध्ये, मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी मांडतात.

किंमत लावताना एक रक्कम मात्र सगळेच विसरतात. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक जवळच, खारघरला आहे, आणि तिथे सिगार अस्सल होता की नकली याने काही फरक पडत नाही.