वाकड्या चाकाने सरळ जाण्याची शास्त्रोक्त पद्धत

घाटकोपरला एलबीएस मार्गावर यू-टर्न घेताना पुढचे डावे चाक दुभाजकावर चढून धप्पकन खाली आले, किंवा अंधेरीत रिक्षावाल्याने त्याच चाकाला बाजूने दणका दिला, तर सुज्ञ गाडीमालकाने आधी खाली उतरून बंपर पाहावा. चाकाकडे पाहू नये. बंपरवरचा ओरखडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना दिसतो, वाकलेला लोअर आर्म कोणालाच दिसत नाही; आणि जे सोसायटीत दिसत नाही त्याला नुकसान म्हणायची उपनगरात पद्धत नाही. बंपर हे प्लास्टिकचे कवच, गाडीचा भार त्याच्यावर नसतो, हे खरे. चाकाला बसलेला धक्का रिममधून बॉल जॉइंट, टाय रॉड, लोअर आर्म आणि स्ट्रट यांच्यापर्यंत पोचतो, हेही खरे. पण या मंडळींना टचअप करता येत नाही, मग त्यांच्यात जीव का गुंतवावा?

शंकेखोर म्हणतील, गाडी एका बाजूला ओढू लागली की कळेलच ना! हा आक्षेप मुंबईबाहेरचा आहे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे चांगली गाडीही किंचित डावीकडे कलते. त्यात पेव्हर ब्लॉकचे खड्डे आणि काँक्रीटची एक लेन दुसरीपेक्षा चार बोटे उंच. अशा ठिकाणी गाडी ओढते की रस्ता, हे ठरवणार कोण? स्टिअरिंगवरचा लोगो तिरका झाला असेल तर हात दहा वाजून दहा मिनिटांऐवजी सव्वाअकरावर धरावेत, गाडी सरळ जाते. टायरच्या आतल्या कडेवरून मात्र बोट फिरवू नये. बाहेरून नक्षी शाबूत आणि आतून कडा गुळगुळीत, असे आढळले तर सगळ्या पद्धतीवरचाच विश्वास उडतो.

फारच मनाला लागले तर अलाइनमेंट करून घ्यावे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, आणि अलाइनमेंटवाल्याला तिथे सहसा फक्त टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळण्याचा कोन, जुळवता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर हे बाकीचे कोन कंपनीने बसवले तसेच राहतात. तो टाय रॉडचा नट सैल करतो, रॉड थोडा फिरवतो आणि पडद्यावरचा लाल आकडा हिरवा होतो. वाकलेला आर्म वाकलेलाच, पण तो आता हिरव्या रंगात वाकलेला. वर छापील रिपोर्टही मिळतो. अंधेरीतच याच्या उलट उदाहरण घडले, ते अनुकरणीय नाही. 26 फेब्रुवारी 2024 रोजी गोखले पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल त्याच्यापेक्षा मीटरभराहून जास्त खाली राहिला होता. तिथे चक्क जॅक लावून बर्फीवाला पुलाचे टोक उचलले आणि मग दोन्ही पूल जोडले. मूळ भागच जागेवर आणायचा, हा केवढा खटाटोप! कुठेतरी एखादा नट फिरवून आकडा हिरवा करता आला असता.

विम्याचा मुद्दा जरा जड आहे, कारण इथे आळसाच्या बाजूने खरोखर पुरावा आहे. क्लेम न करता पाच वर्षे गेली की ओन डॅमेज प्रीमियमवर 50 टक्के नो क्लेम बोनस मिळतो आणि एका क्लेमने तो शून्यावर येतो. रबरी भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला क्लेममधले पहिले 1000 रुपये स्वतःचे, आणि साध्या पॉलिसीत नुसता टायर फाटला, बाकी गाडी धड राहिली, तर काहीच मिळत नाही. त्यामुळे एका आर्मसाठी क्लेम न करणे हा कित्येकदा शहाणपणाचा हिशेब ठरतो. अडचण एवढीच, की तो हिशेब ‘स्वतःच्या खिशातून दुरुस्त करा’ इथे संपतो, ‘विसरून जा’ इथे नाही. पॉलिसीतली अट सांगते की अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर वाढलेले नुकसान सर्वस्वी मालकाच्या माथी. म्हणजे आज वाचवलेल्या आर्ममागोमाग टायर, बेअरिंग आणि स्टिअरिंग रॅक आले तर ती खरेदी आपल्याच पैशाने. पद्धतीच्या अनुयायांनी पॉलिसीचे हे पान उघडू नये.

राहिला वेगाचा प्रश्न. वाकलेल्या रिमची थरथर बहुधा ताशी 70-80 किलोमीटरला हाताला जाणवते, आणि संध्याकाळी बोरिवली ते अंधेरी हा वेग येतो कुठे? दोष आहे, पण तो प्रकट व्हायला पालिकेची आणि वाहतुकीची परवानगी लागते. पुणे एक्स्प्रेसवेला गेलात तर 100ची मर्यादा आहे आणि स्टिअरिंग बोलू लागते, म्हणून तिकडे शिवनेरीने जावे. गाडी विकायची असेल तर गिऱ्हाइकाला मुलुंडला संध्याकाळी सातला बोलवावे आणि टेस्ट ड्राइव्ह एलबीएस मार्गावरच द्यावी. तिसऱ्या गिअरच्या वर जायची वेळ येत नाही. रविवारी सकाळी सहाला येतो म्हणणाऱ्या आणि सोबत टॉर्चवाला मेकॅनिक आणणाऱ्या गिऱ्हाइकाला, गाडी कालच गेली, असे कळवावे.